विस्तवापुढे कोण बसणार?

थंडी पडू लागली की नाशिकच्या भांड्यांच्या दुकानांत अलीकडे एक नवी वस्तू पुढे मांडलेली दिसते. पत्र्याचं गोल किंवा चौकोनी पात्र, खाली पाय, वर जाळी; महागातलं असेल तर झाकण आणि चाकंही. दुकानदार तिला बार्बेक्यू म्हणतात. गंगापूर धरणाच्या बाजूची रिसॉर्टं, शहराबाहेरची फार्महाउसं आणि आता बंगल्यांच्या गच्च्या, इथवर ती पोचली आहे. यातली कुठली घ्यावी, तिच्यात किती पैसे घालावेत, असा प्रश्न एका बचत गटातल्या बायकांनी मला विचारला. त्या निमित्तानं जे बोलणं झालं आणि जी माहिती गोळा केली, ती आपल्या सगळ्याजणींपुढे मांडावीशी वाटते.

काहीजणी म्हणतील, चळवळीच्या अंकात शेगडीची खरेदी कशाला? पण स्वयंपाकघरातली वस्तू राजकारणाबाहेर कधीच नव्हती. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, तेव्हा घरातल्या तेलाचा आणि रॉकेलचा हिशेब सरकारला द्यावा लागला. पुढच्या दशकात ‘स्टोव्हचा भडका उडाला’ हे वाक्य किती पंचनाम्यांत लिहिलं गेलं आणि त्याआड किती सुनांचे मृत्यू झाकले गेले, हेही आपण विसरलेलो नाही. १९८३ साली दंडविधानात ४९८-अ हे कलम आलं ते त्या काळच्या आंदोलनांच्या रेट्यामुळे. पण भडका उडाला तरच आपलं लक्ष विस्तवाकडे जातं. रोज थोडा थोडा धूर छातीत घेऊन जी बाई चाळिशीतच धापा टाकायला लागते, तिचा पंचनामा कुठेच होत नाही.

आता त्या गटाविषयी. अकरा बायका आहेत. शहराजवळच्या एका कृषी पर्यटन केंद्राला शनिवार-रविवारी जेवण पुरवतात. भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत, पिठलं. दोन वर्षांत काम चांगलं वाढलं. केंद्राच्या मालकांनी या वर्षी दोन गोष्टी सांगितल्या. एक, येणाऱ्या पाहुण्यांना भाजलेलं पनीर, कणसं, कोंबडी असं काही हवं असतं, तर गटानं स्वतःच्या पैशानं बार्बेक्यू घ्यावा. दुसरी, भाकऱ्या आत न करता पाहुण्यांसमोर चुलीवर कराव्यात, म्हणजे लोकांना फोटो काढता येतील. गटाकडे शिल्लक थोडी होती, बँकेचं कर्ज मिळणार होतं. प्रश्न साधा वाटत होता: कुठलं सामान घ्यायचं?

पण तो साधा नव्हता, कारण गटातल्या सगळ्यात चांगल्या भाकऱ्या ज्या मावशी करतात त्यांना दमा आहे. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं आहे. मावशी म्हणाल्या, “ताई, मी चुलीपुढं नाही बसले तर गटात माझा वाटा कशाचा?” सामान निवडण्याचा प्रश्न खरा हा होता. एक वस्तू घेतली तर त्या कामात राहणार होत्या, दुसरी घेतली तर एक तर काम सुटणार होतं, नाही तर श्वास.

भाजणं आपल्याला नवं नाही. नगर-सोलापूरकडे हुरड्याच्या दिवसांत शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवतात आणि ज्वारीची कोवळी कणसं त्यात भाजतात. खानदेशात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून भरताच्या पंगती होतात. रायगडात मडक्यात वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला घालून पोपटी लावतात. मालेगाव-बागलाणापासून जळगावपर्यंत पालथ्या खापरावर मांडे होतात. यातला प्रत्येक पदार्थ म्हणजे विस्तव, जाळी किंवा भांडं आणि त्याच्यापुढे बसलेलं कुणीतरी. बार्बेक्यू म्हणजे यापेक्षा वेगळं काही नाही. ती शेगडीच आहे.

फरक आहे तो बसणाऱ्यात. हुरड्याची आगटी आणि पोपटीचं मडकं बहुतेक ठिकाणी पुरुष सांभाळतात. ते काम उघड्यावर होतं, वर्षातून दोन-चारदा होतं आणि चार लोक कौतुक करायला उभे असतात. चटणी कुटणं, दही लावणं, भाकऱ्या थापणं, मागची भांडी घासणं याला कौतुक नसतं, आणि ती कामं कुणाकडे असतात हे सांगायला नकोच. हे काही फक्त आपल्याकडचं नाही. १९५२ साली अमेरिकेत, शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफन यांनी पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाचा धातूचा गोळा अर्धा कापून झाकणाची गोल शेगडी तयार केली. आज दुकानात दिसणारे गोल बार्बेक्यू तिच्याच वळणावर गेलेले आहेत. त्या काळच्या तिथल्या जाहिरातींत घराच्या मागच्या अंगणात ॲप्रन बांधून भाजायला उभा आहे तो बाप्या. आतल्या ओट्यापाशी रोज उभी राहणारी बाई त्या चित्रात ताटं घेऊन येते.

यात एक गोष्ट आपल्या उपयोगाची आहे. रविवारी संध्याकाळी ज्याला कोळसे फुलवता येतात, मसाला लावता येतो, कच्चं-भाजलेलं कळतं, त्याला सोमवारी सकाळी गॅसवर पिठलं येत नाही असं म्हणायला जागा उरत नाही. घरासाठी बार्बेक्यू घ्यायचा विषय निघाला तर पहिला प्रश्न हाच विचारावा: जाळी घासणार कोण, आणि उरलेले सहा दिवस काय? वर्षातून दोनदा भाजायचं असेल तर माझं स्पष्ट मत आहे, विकत घेऊच नका. चार विटा आणि एक चांगली लोखंडी जाळी पुरते.

गटाचं मात्र तसं नाही. त्यांना आठवड्याला दोन दिवस, दिवसाला चार-पाच तास विस्तवापुढे राहायचं आहे. म्हणून धुराचं नीट समजून घ्यायला हवं. साध्या तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी साधारण १० ते १५ टक्केच भांड्याला लागते. बाकीची वाया जाते, आणि अर्धवट जळलेलं लाकूड धूर होऊन बाईच्या नाकातोंडात जातं. १९८३ साली कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासाच्या जवळचा धूर मोजला, तेव्हा हा प्रश्न जगाच्या नजरेला आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली. कर्करोगाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात घरात दगडी कोळसा जाळल्यानं होणारा धूर निश्चित कर्करोगकारक आणि लाकूडफाट्याचा धूर बहुधा कर्करोगकारक म्हणून नोंदवला आहे.

बार्बेक्यू विकणारे म्हणतात, लाकडी कोळशाचा धूर होत नाही. हे अर्धंच खरं आहे. फुललेल्या कोळशाचा डोळ्यांना दिसणारा धूर कमी असतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत थंडीसाठी शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबंच्या कुटुंबं त्यानं गेलेली आहेत. म्हणून कोळशाची कुठलीही शेगडी, कितीही महाग असो, बंद खोलीत लावायची नाही आणि काम संपल्यावर राखेखाली धग राहिली असताना आत आणायची नाही. कोळसा स्वच्छ दिसतो म्हणून त्यामागचे कष्टही दिसत नाहीत. कोळसा पाडण्याच्या भट्ट्यांवर रायगडातली कातकरी कुटुंबं गाव सोडून महिनोन् महिने राबतात. त्यांत बाया-पोरंही असतात. पुण्याच्या आरती या संस्थेनं, म्हणजे अॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करायची पद्धत बसवली आणि २००२ साली तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. निफाडसारख्या ऊस पिकवणाऱ्या तालुक्यांतल्या गटांनी हा उद्योग समजून घ्यायला हरकत नाही.

चूल बदलण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८०च्या दशकात सुरू झाला आणि २००२ साली केंद्रानं तो बंद केला. आकडे मोठे होते, पण गावोगाव हिंडताना आपल्यापैकी अनेकींनी काय पाहिलं? धुराडं बुजलेलं, कारण ते साफ कसं करायचं हे कुणी सांगितलं नव्हतं. तोंड लहान, त्यात घरचं जळण जात नाही. भाकरीचा तवा नीट बसत नाही. विस्तवाच्या तोंडाशी भाकरी उभी करून शेकायला जागा नाही. चूल बसवणारा कोण, तर गवंडी. मोजणारा कोण, तर सरकारी माणूस. वापरणारीला विचारलं ते शेवटी, किंवा विचारलंच नाही.

नंतर गॅस आला. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे उज्ज्वला योजना सुरू झाली, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ८ कोटीवी जोडणी आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादला, बचत गटांच्या मेळाव्यात दिली गेली. जोडणी बाईच्या नावावर असते, ही गोष्ट मी लहान मानत नाही. पण सिलिंडर भरून आणायचे पैसे बाईच्या हातात नसले की शेगडी कोपऱ्यात जाते आणि चूल पुन्हा पेटते. नाव तिचं आणि पैसे दुसऱ्याच्या हातात, असं असेल तर वस्तू तिची होत नाही.

आणि आता गंमत बघा. ज्या चुलीतून बाहेर पडायला खेड्यातल्या बाईची हयात गेली, तीच चूल शहरातल्या लोकांना पैसे देऊन बघायची आहे. नाशिक मिसळीचं गाव. ‘चुलीवरची मिसळ’, ‘चुलीवरचं मटण’, ‘चुलीवरची भाकरी’ अशा पाट्या शहराबाहेर पडणाऱ्या बहुतेक रस्त्यांवर दिसतात. चवीविषयी माझं भांडण नाही. भाकरीला विस्तवाची चव येते हे मलाही कळतं. भांडण एवढंच आहे की त्या चवीचा जास्तीचा पैसा पाटी लावणाऱ्याकडे जातो आणि धूर पदर तोंडाशी धरून बसलेल्या बाईकडे. कारखान्यात धूर काढणारा पंखा लावणं मालकाचं काम असतं. मग हॉटेलच्या चुलीवर धुराडं बसवणं हे बाईच्या सोसण्यावर का सोडायचं?

या सगळ्यावर बोलून गटानं सामान बघायला सुरुवात केली. त्या बायकांनी जे ठरवलं त्यातून मला काही कसोट्या मिळाल्या. इतर गटांच्या उपयोगी पडतील म्हणून देते.

पहिली कसोटी उंचीची. दुकानातले स्वस्त बार्बेक्यू गुडघ्याइतके असतात. त्यावर वाकून चार तास भाजलं की पाठ जाते. शेगडी कमरेइतकी उंच हवी. जी बाई काम करणार आहे तिला दुकानात नेऊन तिच्यासमोर उभं करावं. दुसऱ्या कुणाच्या उंचीवर माप घेऊ नये.

दुसरी पत्र्याची. पातळ पत्रा दोन हिवाळ्यांत वाकतो आणि जळून भोकं पडतात. जाड लोखंडी पत्रा घ्यावा. जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत पत्रा किंवा जाळी विस्तवावर वापरू नये, तापल्यावर त्याची वाफ अंगाला बाधते. जुन्या फ्रिजच्या जाळ्याही नकोत. सातपूर-अंबडकडे पत्र्याचं काम करणारे कारागीर मापाप्रमाणे शेगडी करून देतात. ती दुकानातल्या दिखाऊ वस्तूपेक्षा टिकते, आणि मोडली तर तिथेच डाग देऊन मिळते. दुरुस्त होत नाही ती वस्तू गटानं घेऊ नये.

तिसरी हवेची. खाली हवा घ्यायला झडप आणि राखेचा सरकता ट्रे आहे का, हे बघावं. झडप असली की फुंकावं लागत नाही. फुंकणी म्हणजे तोंड विस्तवाजवळ नेणं. ते टाळता आलं पाहिजे. झाकण कोंबडी किंवा मोठी वांगी आतपर्यंत शिजायला उपयोगी पडतं, कोळसाही कमी लागतो. पण झाकणापायी किंमत दुप्पट होत असेल तर आधी तो पैसा धुराड्याला द्यावा.

चौथी जागेची. वर छप्पर आणि बाजू उघड्या, असं काम हवं. विस्तवावर पत्र्याची छत्री आणि धूर डोक्याच्या वर सोडणारं नळकांडं हवं. चरबी निखाऱ्यावर पडली की जो काळा धूर येतो तो अन्नालाही चांगला नाही आणि भाजणारीलाही.

पाचवी जळणाची. जे रोज भाजायचं, तळायचं, शिजवायचं ते गॅसवर. धंद्यासाठी घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर वापरणं कायद्यानं चालत नाही, १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर घ्यावं लागतं. ते महाग आहे. तो खर्च ताटाच्या किमतीत धरायचा, बाईच्या मजुरीतून कापायचा नाही. शेगडी आणि नळी आयएसआय शिक्क्याचीच घ्यावी, नळी पाच वर्षांत बदलावी. विजेवरचे छोटे ग्रिल चार माणसांच्या घराला ठीक आहेत. जिथं वीज वारंवार जाते तिथं त्यांच्यावर पंगत अवलंबून ठेवता येत नाही.

सहावी कसोटी कागदाची, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. बिल गटाच्या नावावर हवं. १९८६ साली आपल्या जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं. लाखांनी बायका आल्या होत्या. त्यानंतरच्या लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करण्याचा विचार गावागावांत गेला. जमीन असो की शेगडी, नाव कुणाचं हा प्रश्न तोच. मालकाच्या जागेत मालकाच्या नावाची शेगडी असेल, तर उद्या काम बंद करताना गटाच्या हातात काही उरत नाही.

या कसोट्या लावल्यावर गटानं झाकणाचा, चाकांचा आकर्षक बार्बेक्यू घेतला नाही. कमरेइतक्या उंचीची, लांबट, राखेच्या ट्रेची शेगडी मापाप्रमाणे करून घेतली, आणि भाकऱ्यांसाठी मोठ्या तव्याची गॅसची शेगडी. मावशी आता गॅसवर, उघड्या पडवीत भाकऱ्या करतात. भाजायचं काम पाळीनं होतं, आणि त्या पाळीत केंद्रावरची दोन मुलंही आहेत. एकीनं मालकांना सरळ सांगितलं, “दादा, फोटोला चूल पाहिजे तर मांडा, पण धुराडं तुम्ही बसवा आन् तासाचे पैसे वेगळे द्या.” मालकांनी अजून हो म्हटलेलं नाही. काम गेलं तर काय, ही धास्ती बायकांना आहे. तरी पुन्हा धुरात बसायचं नाही, यावर अकराही जणी ठाम आहेत.

मला वाटतं, हा विषय आपण संघटना म्हणून हाती घ्यावा. बचत गटाच्या कर्जाचा अर्ज भरताना यंत्राच्या किमतीबरोबर धुराडं, छप्पर आणि कामाची उंची यांचा खर्च मांडलाच पाहिजे, आणि बँकेनं तो मान्य केला पाहिजे. चुलीवरच्या जेवणाची पाटी लावणाऱ्या प्रत्येक हॉटेलात चुलीपुढच्या बाईची मजुरी आणि धूर बाहेर जायची सोय, दोन्ही तपासली जावीत. कुठल्याही योजनेतली चूल किंवा शेगडी वाटण्याआधी ती महिनाभर गावातल्या बायकांच्या हातात द्यावी, आणि त्यांनी नको म्हटलं तर ती परत जावी.

पुढच्या बैठकीत आपापल्या गटात विचारा: आपल्याकडे विस्तवापुढे कोण बसतं, किती तास बसतं आणि ते सामान कुणी निवडलं? काय घेतलं, काय पडून राहिलं, कुठला कारागीर नीट माप घेऊन काम करतो, हेही लिहून घ्या आणि आम्हाला कळवा. जिल्ह्यातल्या गटांचा हा अनुभव एकत्र आला, तर पुढच्या खेपेला सामान विकायला येणाऱ्याशी आणि योजना घेऊन येणाऱ्याशी आपल्याला नेमकं बोलता येईल.